आतले साधन आणि बाहेरचे वाद्य
नगरच्या मराठी ख्रिस्ती उपासनागीताविषयी

देव सूर पाहत नाही, मन पाहतो, असे एक वाक्य मराठी ख्रिस्ती मंडळीत वरचेवर ऐकू येते. बेसूर गाणाऱ्याला धीर द्यायला ते उपयोगी आहे. मात्र मराठी ख्रिस्ती गीतांविषयी जे थोडेफार समीक्षालेखन झाले, त्यानेही हेच वाक्य वेगळ्या शब्दांत उचलले आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भक्तिगीतांवर लिहिताना 'तळमळ', 'आर्तता', 'निर्मळ अंतःकरण' हे शब्द आले की विवेचन संपते. गीताची चाल कोणती, ते कोणी कोणासमोर म्हणायचे, त्याच्या वृत्ताने कोणाला सामावून घेतले आणि कोणाला वगळले, हे प्रश्न मग विचारलेच जात नाहीत. मन शुद्ध असले की पुरे, असे एकदा ठरले म्हणजे गाणे तपासण्याचे कारण उरत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जे मराठी ख्रिस्ती उपासनागीत घडले, त्यात संगीताचा प्रश्न आणि शुद्ध अंतःकरणाचा प्रश्न हे दोन नव्हतेच. चाल बदलली की शुद्धतेची कल्पनाही बदलत होती. आणि 'शुद्ध' हा शब्द या जिल्ह्यात कधीच केवळ आध्यात्मिक नव्हता. पाणवठ्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत माणसांची वाटणी करणारा तो शब्द होता.

*

प्रथम भूमी पाहू. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे महिपती अठराव्या शतकात संतचरित्रे लिहीत होते, आणि कीर्तनकारांना आख्यानांचा साठा त्यांच्याच ग्रंथांतून मिळत आला. याच प्रदेशात अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे उघडले. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' नगरहूनच निघू लागला. पुढे नेवासे तालुक्यातील वडाळा आणि राहुरी ही मिशनची महत्त्वाची ठाणी झाली. म्हणजे मिशनचे पाळक ज्या गावांतून फिरत होते, तिथे भजन ही रोजची गोष्ट होती. ओवी आणि अभंग हे तिथल्या निरक्षर माणसाचे ग्रंथालय होते.

मिशनरी मात्र वेगळ्या परंपरेतून आले होते. अमेरिकन बोर्डाचे बहुतेक लोक न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळीतले, म्हणजे प्युरिटनांचे वारस. त्या वसाहतीत छापलेले पहिले पुस्तक १६४० सालचे छंदोबद्ध स्तोत्रांचे होते; इतके महत्त्व त्यांनी समूहगायनाला दिले होते. पण वाद्यांविषयी त्यांच्या पूर्वजांना संशय होता. शब्द शास्त्रातले असावेत, चाल साधी असावी, कानाच्या सुखाने मनाची दिशाभूल होऊ नये, अशी ती शिस्त होती.

या संशयाची मुळे खोल आहेत. संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात कबूल करतात की, गाइलेल्या वचनापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हेलावलो, असे जेव्हा घडते तेव्हा आपल्याला ते पाप वाटते. तरीही चर्चमधले गायन बंद करावे असे त्यांना म्हणवत नाही, कारण त्याच गाण्याने त्यांना एके काळी रडवले होते. सोळाव्या शतकात झुरिकच्या झ्विंग्लीने तर, स्वतः अनेक वाद्ये वाजवणारा असूनही, उपासनेतून संगीत काढूनच टाकले. जिनिव्हात कॅल्विनने मधला मार्ग घेतला. स्तोत्रे गायची, पण एकसुरात आणि वाद्यांशिवाय. ही सगळी माणसे संगीताला तुच्छ मानत नव्हती. ते फार समर्थ आहे, हीच त्यांची भीती होती.

नगरला आलेल्या मिशनऱ्याच्या दृष्टीने टाळ, मृदंग, तबला यांना आणखी एक चिकटलेली ओळख होती. ही वाद्ये देवळातली, नाहीतर तमाशातली. त्यामुळे सुरुवातीच्या काळात इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे आणि त्यांच्याच पाश्चात्त्य चाली हा मार्ग सुरक्षित वाटला. तो मार्ग मराठीला मानवला का, हे मात्र तपासायला हवे.

*

इंग्रजी स्तोत्रांचे एक अतिपरिचित वृत्त आहे. आठ, सहा, आठ, सहा अशा अवयवांच्या चार ओळी, आणि प्रत्येक ओळीची सुरुवात बहुधा आघातहीन अवयवाने. म्हणजे जोर दुसऱ्या अवयवावर येतो. इंग्रजीत ओळीच्या आरंभी लहानसे उपपद किंवा अव्यय बसते, म्हणून हे सहज साधते. मराठी वाक्य असे सुरू होत नाही. ते नामाने सुरू होते आणि क्रियापदाने संपते. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाच्या शेवटी लागतात. अशा चालीत 'देवाच्या' हा शब्द ओळीच्या आरंभी बसवला की जोर 'वा'वर जातो. आणि ओळीच्या शेवटचा लांबवलेला सूर येतो तो 'साठी', 'आहे', 'मध्ये' अशा बिनमहत्त्वाच्या शब्दांवर. गाणारा मनापासून गात असतो, पण त्याचा आवाज वाक्यातल्या सर्वांत हलक्या शब्दावर सर्वांत जास्त वेळ थांबलेला असतो. अर्थ एकीकडे आणि आघात दुसरीकडे, अशी ही फारकत आहे.

याउलट थोरला अभंग पाहावा. सहा, सहा, सहा, चार अक्षरे. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाअखेर. शेवटचा चार अक्षरांचा तुकडा मोकळा. अक्षरछंदात लघुगुरूचा जाच नाही. गाताना प्रत्येक अक्षराला सारखाच अवकाश मिळतो. बोलीतला शब्द जसाच्या तसा त्यात बसतो. शेवटच्या लहान चरणात विधान येऊन टेकते आणि टाळ घेणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. धाकट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन सरळ चरण असतात. लहान मुलाच्याही ते तोंडी बसते.

त्याहून मोठा फरक गाण्याच्या रीतीत आहे. पाश्चात्त्य स्तोत्र सगळी मंडळी एकदम, सगळी कडवी ओळीने म्हणते, आणि त्यासाठी हातात पुस्तक लागते. अभंगात एक जण पुढे म्हणतो, बाकीचे धृपद उचलतात. अक्षरओळख नसलेला माणूस दुसऱ्या फेरीला पूर्ण सहभागी होतो. नगरच्या खेड्यांतून ख्रिस्ती झालेली बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतली होती, आणि त्यांना अक्षरांपासून दूर ठेवण्यात आले होते. त्यांच्या बाबतीत हा फरक सौंदर्याचा नव्हता. पुस्तकातून गाणाऱ्या उपासनेत ते श्रोते झाले असते. धृपदाच्या उपासनेत ते पहिल्याच दिवशी गायक झाले.

हे ज्यांनी ओळखले, त्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव टिळकांच्या कितीतरी आधी घ्यावे लागते. नगरच्या मंडळीतले हे कवी आणि कीर्तनकार. ख्रिस्तचरित्रातील प्रसंग त्यांनी कीर्तनाच्या साच्यात आणले. पूर्वरंगात एखादे तत्त्व मांडायचे, उत्तररंगात त्याला धरून आख्यान लावायचे, मधूनमधून साकी, दिंडी, आर्या, पद, अशी ही परिचित बांधणी. वडाळ्याचे सॅम्युअल फेअरबँक यांच्यासारख्या काही मिशनऱ्यांनीही देशी चालींची बाजू घेतली. सर्वांना ते रुचले असे नाही. पण उधळ्या पुत्राची गोष्ट मृदंगाच्या ठेक्यावर ऐकताना पाराजवळचा माणूस उठून जात नाही, हे दिसल्यावर आक्षेपांची धार बोथट होत गेली. पुढे इतिहासाने एक गंमत केली. पाश्चात्त्यांच्या पायपेटीतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताच्या भात्याची पेटी तयार झाली, आणि बघता बघता ती कीर्तनकाराच्या, भजनी मंडळाच्या आणि तमाशाच्याही मालकीची झाली. कोणते वाद्य 'आपले' आणि कोणते 'परके' हे ठरवणे किती कठीण आहे, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

*

आता अंतःकरणाकडे वळू. मराठी बायबलने 'हृदय' या अर्थी 'अंतःकरण' हा शब्द मोठ्या प्रमाणावर योजला. ही निवड वाटते तितकी साधी नाही. 'करण' म्हणजे साधन. अंतःकरण म्हणजे आतले साधन. मन, बुद्धी, चित्त, अहंकार मिळून होणारे. हिब्रू किंवा ग्रीक मूळ शब्दात ही साधनाची छटा नाही. मराठी वाचकाला मात्र नकळत असे सांगितले गेले की, आत एक साधन आहे आणि ते शुद्ध हवे. साधन म्हटले की ते घासावे लागते, लावावे लागते, जुळवावे लागते. वीणा जुळवतात तसे.

इथेच दोन परंपरांचा क्रम वेगळा पडतो. हिब्रू संदेष्टा आमोस देवाच्या तोंडून म्हणतो की, तुमच्या गाण्यांचा गोंगाट मला नको, तुमच्या वीणांचा नाद मी ऐकणार नाही. न्याय पाण्यासारखा वाहू द्या. चोविसावे स्तोत्र विचारते की देवाच्या डोंगरावर कोण चढेल, आणि उत्तर देते की ज्याचे हात स्वच्छ आणि मन निर्मळ आहे तो. क्रम असा : आधी शुद्धता, मग गाणे. वारकरी परंपरेत क्रम बहुधा उलटा आहे. नाम घेता घेता चित्त शुद्ध होते. मलिन माणसानेच गायचे असते, कारण गाणे हीच त्याची आंघोळ. पौलाच्या पत्रांतही अंतःकरणात गात राहण्याचा उपदेश आहे, आणि तो वारकऱ्याला परका वाटत नाही.

टिळकांचे महत्त्व हे की हे दोन्ही क्रम त्यांनी एकाच गीतात नांदवले. १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने ते खिळून राहिले, हे त्यांचे चरित्र जाणणाऱ्यांना ठाऊक आहे. शुद्ध अंतःकरणाच्या माणसाला देव दिसेल, हे वचन त्याच प्रवचनातले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते नगरला आले, आणि पुढे आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो, असे सांगत राहिले. हा सेतू केवळ विचारांचा नव्हता, छंदाचाही होता. त्यांच्या भक्तिगीतांत भक्त स्वतःची शुद्धता घेऊन देवापुढे येत नाही. तो आपली मलिनता सांगायला येतो, आणि सांगता सांगता गाणे त्याला पुढे नेते. 'अभंगांजली'ची जातकुळी तुकोबांच्या आत्मपरीक्षणाची आहे. पण आमोसाचा इशाराही त्यांनी सोडलेला नाही. सेवेशिवाय भजन पोकळ आहे, हा सूर त्यांच्या लेखनात वारंवार येतो. 'उपासना-संगीता'तील गीतांचा मोठा वाटा टिळकांचा आहे, त्याचे एक कारण हे दुहेरीपण आहे. त्यांचे गीत पश्चात्तापाच्या दिवशीही म्हणता येते आणि सणालाही.

*

पण टिळकांवर थांबणे म्हणजे प्रश्नाची सोपी बाजू घेणे होय. अवघड बाजू लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त दाखवली आहे.

पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत राहायला आल्या, पण आपले सोवळे घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. 'शुद्ध' या शब्दाचा नगर जिल्ह्यात चालणारा अर्थ त्या अंगावर वागवत होत्या. मग एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले की जात ही देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. आणि कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. हा प्रसंग कोणत्याही गीताच्या साथीने घडलेला नाही. तिथे ना टाळ आहे, ना अश्रू. आहे तो एक विचार आणि त्याला लागलेली व्यवहाराची कृती. अंतःकरणाची शुद्धी आणि सोवळ्याचा त्याग ही एकच घटना आहे, हे मराठी साहित्यात इतक्या साधेपणाने क्वचितच सांगितले गेले असेल.

वारकरी परंपरेला हा प्रश्न अनोळखी नव्हता. चोखोबांनी तो देवळाबाहेर उभे राहून विचारला होता आणि सोयराबाईंनी तो देहाच्या उत्पत्तीपर्यंत नेऊन विटाळाच्या कल्पनेलाच निरुत्तर केले होते. पण त्यांचे अभंग गाणारे दिंडीतही जात सांभाळत राहिले. म्हणजे गाण्याने चित्त शुद्ध होते हा सिद्धान्त अपुरा ठरला होता. उत्कट गायनाने पाणवठा खुला होत नाही. आमोसाला हेच म्हणायचे होते.

ख्रिस्ती मंडळीनेही इथे आत्मसंतुष्ट राहण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळामागून दुष्काळ पडले. त्या काळात ख्रिस्ती झालेल्या गरिबांवर 'पोटासाठी बाटले' हा शिक्का बसला आणि मिशनच्या अंगणातही त्यांच्या हेतूंची कसून चौकशी होत राहिली. शुद्ध अंतःकरणाचा पुरावा भुकेल्या माणसाकडे मागितला गेला. अन्न देणाऱ्याचे अंतःकरण शुद्ध आहे का, आणि शतकानुशतके पाणी नाकारणाऱ्याचे, हा प्रश्न तितक्या कसोशीने विचारला गेला नाही. आमोसाचा रोख मात्र थाटात उत्सव करणाऱ्यांकडे होता, भुकेल्यांकडे नव्हता. या संदर्भात 'देव सूर पाहत नाही, मन पाहतो' हे वाक्य पुन्हा वाचले तर त्यातला धोका दिसतो. देव मन पाहतो हे ठीक. देवाच्या वतीने ते पाहण्याचे काम माणसाने अंगावर घेतले की मनाचेही सोवळे तयार होते.

वाद्यांच्या बाबतीत हे सोवळे अधिक स्पष्ट दिसते. हलगी आणि सनई वाजवणे हे मांग समाजाकडे परंपरेने आलेले काम. लग्न, जत्रा, मिरवणूक यांना हलगी हवी, वाजवणारा मात्र दूर उभा. हीच माणसे ख्रिस्ती झाली तेव्हा उपासनेत आधी पायपेटी आली, मग मृदंग-तबला आला. हलगीला आत यायला फार वेळ लागला. कीर्तनाचा ब्राह्मणी घाट ख्रिस्ती मंडळीने प्रतिष्ठेने स्वीकारला. पण बहुसंख्य सभासदांच्या घरात जे वाद्य पिढ्यान्पिढ्या होते, त्याला ती प्रतिष्ठा मिळाली नाही. टिळकांची भाषाही, कितीही प्रासादिक असली, तरी शिक्षित घरातली आहे. खेड्यातल्या ख्रिस्ती बायांनी जात्यावर येशूच्या ओव्या म्हटल्या असतील तर त्या छापील संग्रहांत फारशा पोहोचल्या नाहीत. आपण ज्याला मराठी ख्रिस्ती गीताचा इतिहास म्हणतो, तो छापलेल्या गीतांचा इतिहास आहे.

टिळकांना स्वतःला ही कोंडी जाणवली असावी, असे त्यांची अखेरची वर्षे पाहता वाटते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाशी असलेले नाते तोडले, संन्यासवृत्ती घेतली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली : बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसतील अशी जागा. सभासदत्वाच्या वहीऐवजी भक्ती हीच ओळख, असा त्याचा अर्थ. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार रुजला नाही. 'ख्रिस्तायन'ही त्यांच्या हातून पुरे झाले नाही. लक्ष्मीबाईंनी त्याचा बराच मोठा भाग लिहिला आणि १९३८ मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर, ते प्रसिद्ध झाले. पंडित कवीने आरंभलेले महाकाव्य, जिने अक्षरे गिरवण्यापासून सुरुवात केली त्या स्त्रीने पुढे न्यावे, ही घटना उपासनागीताच्या इतिहासातही अर्थपूर्ण आहे. लक्ष्मीबाईंचे छंदज्ञान ऐकून आलेले होते. धृपद उचलणाऱ्यांपैकी एक जण इथे पुढे म्हणू लागली.

*

आजचे चित्र वेगळे आहे. कॅथलिक उपासनेत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये मातृभाषेला वाट मोकळी केली. तेव्हापासून नगर जिल्ह्यातील कॅथलिक धर्मग्रामांतही मराठी गीते घुमू लागली. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला लोटणाऱ्या गर्दीत ख्रिस्ती-अख्रिस्ती हा भेद करणे कठीण जाते. टिळकांच्या दरबाराची आठवण करून देणारी जागा असेल तर ती हीच. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत 'उपासना-संगीत' टिकून आहे. पण तरुणांच्या सभांत कीबोर्ड, गिटार, ड्रम आणि हिंदी-इंग्रजी धाटणीची स्तुतिगीते आली आहेत. ज्येष्ठांची तक्रार असते की यात गोंगाट आहे, भक्ती नाही. तरुणांचे उत्तर असते की आम्ही मनापासून गातो.

वाद दोन्ही बाजूंनी पुन्हा 'मना'वर येऊन अडतो, म्हणून तो सुटत नाही. या लेखातील विवेचनावरून दुसरे प्रश्न सुचतात आणि ते अधिक उपयोगी आहेत. या गाण्यात मराठी वाक्याचा आघात अर्थावर पडतो की प्रत्ययावर? ज्याच्या हातात पुस्तक नाही, ज्याला पडद्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत, तो दुसऱ्या फेरीला सामील होऊ शकतो का? मंचावरचा गायक धृपद मंडळीकडे सोपवतो की स्वतःच पुरे करतो? आणि गाणे संपल्यावर दाराबाहेर कोण उभा आहे? या कसोट्या जुन्या स्तोत्रालाही लावता येतात आणि नव्यालाही. भाषांतरित जुनी स्तोत्रे त्यांपैकी पहिलीवर अनेकदा नापास होतील. ध्वनिवर्धकाच्या भिंतीमागून येणारी नवी गीते दुसरी आणि तिसरीवर. चौथी कसोटी कोणतेच गीत एकट्याने पार करू शकत नाही.

संगीत उपासनेत काय करते, याचे नगरच्या अनुभवातून निघणारे उत्तर माफक आहे. ते मन शुद्ध असल्याचे प्रमाणपत्र नव्हे, आणि मन आपोआप शुद्ध करणारा मंत्रही नव्हे. एका माणसाने म्हटलेली ओळ दुसऱ्याने, तिसऱ्याने उचलावी आणि तेवढा वेळ कोणीही श्रोता राहू नये, हे काम मात्र ते करू शकते. ज्या जिल्ह्यात एका विहिरीचे पाणी सर्वांना मिळत नव्हते, तिथे एक धृपद सर्वांना मिळाले. पुढचे काम विहिरीचे होते. ते लक्ष्मीबाईंनी आपल्या घरापुरते, आपल्या ताटापुरते केले, आणि त्यासाठी कोणत्याही चालीची वाट पाहिली नाही.